स्कायरिम घेऊन द्यावा का? बी विंगच्या ग्रुपवर रंगलेली चर्चा

मृणाल (३०४): मंडळी जरा विषयांतर करते, सॉरी. वेदची दहावी संपली आणि आता त्याने स्कायरिम नावाच्या गेमसाठी भुणभुण लावलीय, सेलमध्ये स्वस्त झालाय म्हणे. यूट्यूबवर बघितलं तर लोक वर्षानुवर्षं तोच एक गेम खेळतायत. कुणी खेळलंय का? बरा आहे का, की नुसती मारामारी?

ओंकार (६०१): काकू घ्याच!!!

अमेय (५०२): ताई मी खेळलोय, अजूनही अधूनमधून खेळतो. ११ नोव्हेंबर २०११ ला आला होता, बेथेस्डा कंपनीचा. एल्डर स्क्रोल्स मालिकेतला पाचवा, पण आधीचे चार खेळले नसले तरी काही अडत नाही. सुरुवातीला तुम्ही बैलगाडीसारख्या गाडीत हात बांधलेले कैदी असता, हेल्गन गावात मुंडकं उडवायला ओंडक्यावर डोकं ठेवलेलं असतं आणि तेवढ्यात ड्रॅगन येतो, गाव पेटतं, तुम्ही पळता. आणि तिथून बाहेर पडलात की गेम तुम्हाला सोडून देतो. अगदी शब्दशः. कुठेही जा. समोर दिसणारा डोंगर चढायचाय? चढा.

ऋतुजा (१०१): आणि पहिला अर्धा तास मात्र एक पाऊल इकडेतिकडे टाकता येत नाही, गाडीत बसून दुसऱ्यांची बडबड ऐकायची, हे सांग की. दुसऱ्यांदा सुरू करताना जीव जातो.

अमेय (५०२): ते मान्य.

कुलकर्णी काका (२०२): अमेय, यात जिंकायचं काय असतं? म्हणजे संपतो कधी?

अमेय (५०२): काका तीच तर गंमत. अल्डुइन नावाचा मोठा ड्रॅगन आहे, त्याला मारलं की मुख्य गोष्ट संपते, पण गेम संपत नाही, नावांची यादीसुद्धा वर सरकत नाही. तुम्ही परत येता आणि पुढे खेळत राहता. खरं सांगायचं तर खूप जण ती मुख्य गोष्ट अर्धवट सोडून देतात आणि त्यांना त्याचं काही वाटतही नाही, कारण वाटेत एखादी गुहा दिसते, गुहेत एक डायरी सापडते, डायरीत कुणाचं तरी नाव असतं, मग तो माणूस शोधायला निघायचं आणि दोन तासांनी लक्षात येतं की आपण मुळात भलत्याच कामाला निघालो होतो.

कुलकर्णी काका (२०२): म्हणजे आमचं रविवारी मंडईत जाणं.

अमेय (५०२): हाहाहा अगदी. एक उदाहरण देतो. रिव्हरवुड नावाचं छोटं गाव लागतं, तिथल्या दुकानदाराचा सोन्याचा पंजा चोरीला गेलेला असतो. चोर सापडतो ब्लीक फॉल्स बॅरो नावाच्या जुन्या थडग्यात, कोळ्याच्या जाळ्यात अडकलेला. सोडव म्हणून गयावया करतो, सोडवलं की पंजा न देता पळतो आणि बहुतेक वेळा पुढे जाऊन मरतो. मग पंजा तुमच्याकडे येतो आणि समोर दगडी दरवाजा, त्यावर तीन कड्या, प्रत्येकीवर प्राण्यांची चित्रं. लोक तिथे खटपट करत बसतात. उत्तर कुठेय? पंजाच्या तळव्यावर! सामानातून तो पंजा काढून हाताने फिरवून बघायचा, अस्वल, पतंग, घुबड अशी तीन चित्रं कोरलेली असतात. गेममध्ये कुणी येऊन सांगत नाही, चोराच्या डायरीत फक्त इशारा आहे. आणि सगळं संपल्यावर आल्या वाटेने परत चालायला लागत नाही, मागून एक चोरवाट थेट बाहेर निघते. हे डोकं ज्याने लावलं त्याला सलाम.

ऋतुजा (१०१): पहिल्यांदा भारी वाटतं, खरंय. पण नंतर तसेच दरवाजे, तसेच पंजे, तेच ड्रॉगर म्हणजे वाळलेले मुडदे शवपेटीतून उठतात. पाचव्या थडग्यात आपल्याला आधीच माहीत असतं कोण कुठून उठणार आहे. मृणाल ताई, माझं मत विचाराल तर विचर ३ घ्या. २०१५ चा आहे, पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा. त्यात गोष्ट म्हणजे गोष्ट आहे. ब्लडी बॅरन म्हणून एक भाग आहे, दारूडा सरदार, बायको मुलगी घर सोडून गेलेल्या, तुम्ही त्यांना शोधायचं. त्यात कुणीच धड चांगला नाही, कुणीच धड वाईट नाही, आणि तुम्ही जे ठरवाल त्याचे परिणाम नंतर समोर येतात.

मृणाल (३०४): ऋतुजा तो तर मोठ्यांचा आहे ना ग, त्यात बरंच काय काय आहे असं वाचलं.

ऋतुजा (१०१): हो, तो वेदला अजून २-३ वर्षं नकोच. मी गेम म्हणून बोलतेय.

अमेय (५०२): ताई स्कायरिमलाही अमेरिकेत १७ वर्षांवरच्यांचं रेटिंग आहे, तेही आधीच सांगून ठेवतो. रक्त आहे, तलवारीने मुंडकं उडतं, मारेकऱ्यांची एक टोळी आहे जिच्यात शिरून सुपारी घेता येते. उघडीनागडी दृश्यं त्यात नाहीत. लहान मुलांना इजा करता येत नाही, ते त्यांनी मुद्दाम बंद केलंय. पण तुम्ही एकदा शेजारी बसून बघा आणि मग ठरवा.

सेक्रेटरी काका: सर्वांना विनंती, उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई आहे, पाणी भरून ठेवावे. आणि गेमची चर्चा वैयक्तिक करावी.

कुलकर्णी काका (२०२): अहो राहू दे हो, पार्किंगवरून भांडण्यापेक्षा बरं चाललंय.

ओंकार (६०१): ऋतुजा ताई विचर मधे पण समुद्रात नकाशावर ते प्रश्नचिन्ह आहेत ना, स्केलिगे बेटांजवळ, होडी घेऊन जायचं, बुडालेली पेटी काढायची, परत पुढची पेटी. झोप येते. स्कायरिम मधे निदान पेटीजवळ एखादा सांगाडा तरी असतो, हातात पत्र घेऊन.

ऋतुजा (१०१): तो समुद्र मलाही बोअर झाला, तिथे तू बरोबर आहेस.

ओंकार (६०१): आणि स्कायरिम मधे दुकानदाराच्या डोक्यावर बादली घालता येते!! बादली उचलायची, त्याच्या डोक्यावर उपडी ठेवायची, मग त्याला दिसत नाही आणि सगळं दुकान साफ. तो बिचारा बादलीतून बोलत राहतो

मृणाल (३०४): हे वेदला सांगू नकोस.

ओंकार (६०१): काकू त्यानेच मला दाखवलं

अमेय (५०२): बादलीचं हसू येतं पण ते होतं कारण गेममध्ये प्रत्येक वस्तू खरीच उचलता येते, वाटी चमचा चीजचा तुकडा सगळं, आणि माणसाला दिसतं ते खरंच त्याच्या डोळ्यांसमोर काय आहे त्यावरून ठरतं. शिकण्याचंही तसंच. जे कराल ते वाढतं. धनुष्य चालवलं की धनुर्विद्या वाढते, कुलपं उघडली की तो हात बसतो, चिलखत घालून मार खाल्ला की चिलखताचं कौशल्य वाढतं. एकूण १८ कौशल्यं. सुरुवातीला जात निवडावी लागते, माणूस, एल्फ, मांजरतोंडे खाजीत वगैरे १० आहेत, पण तू योद्धा की जादूगार हे गेम विचारत नाही, तुमच्या सवयी बघून आपोआप घडत जातं.

ऋतुजा (१०१): आणि सगळ्यांचा शेवटी एकच घडतो, लपून बाण मारणारा. काहीही ठरवून सुरू करा, जादूगार म्हणा, कुऱ्हाडवाला म्हणा, थोड्या वेळाने अंधारात वाकून धनुष्य ताणून बसलेले असता. का? कारण समोरासमोरची लढाई फुसकी आहे. तलवार मारली तर लागली असं वाटतच नाही, दोघं एकमेकांना झोडपत उभे, मधेच थांबवून सामानातल्या चीजच्या चाळीस चकत्या खायच्या, परत झोडपायचं. डिफिकल्टी वाढवली तर शत्रू हुशार होत नाही, फक्त तुमचा मार कमी लागतो आणि त्याचा तुम्हाला जास्त. त्याला कठीण म्हणत नाहीत, त्याला वेळ काढणं म्हणतात.

अमेय (५०२): यावर मी वाद घालणार नाही. लढाई २०११ लाच सुमार होती.

ऋतुजा (१०१): आणि मला खरा राग कशाचा आहे सांगू? कशालाच काही किंमत नाही. विंटरहोल्डच्या जादूच्या कॉलेजात मी जेमतेम दोनचार मंत्र येत असताना थेट आर्चमेज झाले, म्हणजे कुलगुरूच. कम्पॅनियन्स नावाच्या योद्ध्यांच्या टोळीची प्रमुख झाले तरी रस्त्यावरचा शिपाई विचारतो, नवीन आहेस का, दारू आणून द्यायचं काम का तुझं. चोरांच्या टोळीचीही प्रमुख मीच, मारेकऱ्यांचीही मीच, आणि कुणाला कुणाचा पत्ता नाही. यादवी युद्ध चालू आहे म्हणे, एका बाजूला साम्राज्य, दुसऱ्या बाजूला बंडखोर उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक, राज्याचं भवितव्य वगैरे, आणि लढाईला बघावं तर मूठभर माणसं. जिंकल्यावर शहरात झेंडे बदलतात, शिपायांचे कपडे बदलतात, झालं.

अमेय (५०२): ऋतुजा तू म्हणतेस ते सगळं खरंय पण माझं म्हणणं असं की हे दुखणं आणि ते मोकळेपण एकाच मुळातून आलंय. त्यांनी ठरवलं की एकाच खेळीत सगळ्यांना सगळं करता यावं, कुठलंही दार बंद व्हायला नको. मग दार बंद करायचं नाही म्हटल्यावर निर्णयाला वजन येणार कुठून? विचरमध्ये वजन आहे कारण तिथे तुम्ही त्या गोष्टीचा नायक गेराल्टच असता, दुसरं कुणी होताच येत नाही. इथे मी एकदा ठरवून खेळलो की हा माणूस फक्त शिकार करणार आणि जडीबुटी विकणार, ड्रॅगनच्या भानगडीत पडणारच नाही, तर चाललं. मुख्य गोष्टीत ड्रॅगनशी पहिली लढाई होते त्या टेहळणी बुरुजाकडे गेलोच नाही तर ड्रॅगन गावोगाव यायला लागतच नाहीत. असा रिकामटेकडेपणा किती गेम चालवून घेतात?

कुलकर्णी काका (२०२): हे मला आवडलं.

ऋतुजा (१०१): म्हणजे गोष्ट आपणच मनात रचायची आणि पैसे त्यांना द्यायचे.

अमेय (५०२): हो, थोडंफार तसंच. पण मनात रचायला जागा तर त्यांनीच दिली ना. रात्री बर्फातून चालत असता, आकाशात हिरवा झोत, तो अरोरा, मागे जेरेमी सोलचं संथ संगीत, लढाई नाही काही नाही. लोकांना आठवतं ते हेच. काका तुम्ही भजनी मंडळवाले, तुम्हाला सांगतो, त्याचं शीर्षक संगीत आहे ना त्यात तीसेक गायकांनी तीनदा गाऊन एकावर एक आवाज चढवलेत म्हणजे नव्वद जण गातायत असं वाटावं, आणि शब्द त्यांनी स्वतः बनवलेल्या ड्रॅगनांच्या भाषेतले. मोठ्या आवाजात ऐका.

कुलकर्णी काका (२०२): लिंक टाक.

मृणाल (३०४): बरं पण एवढा जुना गेम, आजच्या मुलांना चालतो? आणि आमचा लॅपटॉप साधा आहे.

अमेय (५०२): चालेल. २०१६ ची स्पेशल एडिशन घ्या, १२ जीबी जागा लागते, आताचे गेम १०० च्या वर जातात. फक्त ग्राफिक कार्ड कुठलं आहे ते मला पाठवा, बघून सांगतो. जुन्यापणाचं म्हणाल तर २०२३ मध्ये गेमचा दिग्दर्शक टॉड हॉवर्डनेच सांगितलं की ६ कोटींच्या वर विकला गेलाय. तेच तेच परत विकतात म्हणून लोक त्याची टिंगलही करतात, २०१६ ला एक आवृत्ती, २०१७ ला निन्टेंडोच्या स्विचवर आणि व्हीआरवर, २०२१ ला अ‍ॅनिव्हर्सरी. आणि बग अजून आहेत. राक्षसाने सोटा हाणला की माणूस थेट ढगात, ते आता सगळ्यांचं लाडकं झालंय, पण सुरुवातीला प्लेस्टेशन ३ वर सेव्ह फाइल मोठी झाली की गेम रखडायचा, लोकांची कितीतरी तासांची मेहनत अडकली होती. ते काही गंमतीचं नव्हतं.

ओंकार (६०१): म्हणून तर मॉड टाकायचे, म्हणजे खेळणाऱ्यांनीच बनवलेले बदल, काकू मी टाकून देतो त्याला, नवीन झाडं, नवीन लढाई, सगळंच

अमेय (५०२): ओंकार नको. पहिल्यांदा साधाच खेळू दे. आणि कंपनीने अपडेट टाकलं की मॉड मोडतात, मग मुलगा गेम खेळायचा सोडून आठवडाभर फाइली जुळवत बसतो.

ओंकार (६०१): ते पण एक गेमच आहे

ऋतुजा (१०१): मृणाल ताई एक अजून, मॅपवरचा बाण. काम दिलं की जायचं कुठे ते बाण दाखवतो आणि मुलं त्या बाणामागे धावत सुटतात, आजूबाजूला बघतच नाहीत. याच मालिकेतल्या २००२ च्या मॉरोविंडमध्ये रस्ता तोंडी सांगायचे, पूल ओलांड, डावीकडे वळ वगैरे. इथे बाण बंद केला तर नुसत्या बोलण्यावरून जागा सापडणं अवघड, कारण कुणी पत्ता नीट सांगतच नाही. तरी वेदला सांगा, काम नसेल तेव्हा बाणाशिवाय भटक. आणि फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून एका क्षणात दुसरीकडे पोचणं, कमी वापर.

कुलकर्णी काका (२०२): ऋतुजा, तुला आवडतो की नाही हा गेम नक्की?

ऋतुजा (१०१): काका तीनदा घेतलाय मी.

मृणाल (३०४): हाहाहा. आणि माझ्यासारख्या बायका खेळतात का कुणी?

अमेय (५०२): शर्ली करी बघा यूट्यूबवर, अमेरिकन आजी, जन्म १९३६ चा, स्कायरिम ग्रँडमा म्हणून प्रसिद्ध. बघणाऱ्यांना नातवंडं म्हणते. पुढच्या एल्डर स्क्रोल्समध्ये तिच्यावरून एक पात्र घालणार असं कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केलंय. तो सहावा भाग २०१८ लाच घोषित झालाय, अजून पत्ता नाही.

सेक्रेटरी काका: पुन्हा एकदा विनंती. टाकी सफाई.

मृणाल (३०४): हो काका, भरून ठेवते. अमेय, ग्राफिक कार्डचा फोटो पर्सनलवर पाठवते. साधी स्पेशल एडिशन, मॉड नाही, लॅपटॉप हॉलमध्ये आणि पहिले दोनतीन दिवस मी शेजारी. चालेल ना?

अमेय (५०२): एकदम. फक्त त्याला सारखं कधी संपणार म्हणून विचारू नका.

ओंकार (६०१): आणि बादलीला हात लावू द्या

सेक्रेटरी काका: अमेय, तो व्हीआर म्हणालास त्याला वेगळा चष्मा लागतो का? नातू विचारतोय. पर्सनलवर सांग.