स्क्रॅच: स्कोअर का वाढत नाही?

स्क्रॅच म्हणजे ठोकळे जोडून गेम बनवायचं मुलांचं प्रोग्रॅमिंग. त्यातल्या एका गेममध्ये मांजर सफरचंदाला शिवलं की गुण मिळायला हवा, तरी स्कोअर शून्यच राहतो, असं एकाने विचारलंय. सफरचंदाचा 'इफ-देन' (शिवलं तर गुण दे) ठोकळा 'फॉरएव्हर' (आतलं सतत पुन्हा करणारा) ठोकळ्याच्या बाहेर राहिला असणार. मग गेम सुरू करणारा झेंडा दाबल्यावर तपासणी एकदाच होते. तो आत सरकवा. आता स्कोअर सुसाट पळेल, कारण सेकंदाला साधारण 30 वेळा तपासणी होते आणि मांजर अजून चिकटलेलंच असतं. गुण मिळताच सफरचंद 'गो टू रँडम पोझिशन'ने हलवा. सुरुवातीला स्कोअर 0 करा, नाहीतर जुना आकडा राहतो. मात्र ही उत्तरं मुलांना आधी सांगू नका, त्यांनाच शोधू द्या. लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणं, तिथेच खरा कळतो. आणि प्रोजेक्ट इतरांना दिसू लागेल असं 'शेअर' बटण दाबण्याआधी युजरनेम, प्रोजेक्टचं शीर्षक, रेकॉर्ड केलेला आवाज तपासा: खरं नाव किंवा शाळा कुठेच नको.