मदत हवी आहे: ऑक्टोबरात मार्टिन-बुश हटच्या विंटररूममध्ये मुक्काम

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या मध्यात मी आणि माझा धाकटा भाऊ ऑस्ट्रियातल्या ओट्झटाल खोऱ्यात मार्टिन-बुश हटवर (डोंगरात चढाईला येणाऱ्यांसाठी असलेलं मुक्कामाचं घर) दोन रात्री राहायचं म्हणतोय. मी म्युनिकला असते, तो पुण्याहून येतोय. हट २,५०१ मीटरवर आहे. फेंट गावातून निघालं की चढ साधारण ६०० मीटरचा, अडीच-तीन तासांचा, आणि वाटेत हिमनदी नाही. पुढे सिमिलाउन शिखराकडे जाणार नाही. दोर, क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटांना लावायचे काटे) आणि तेवढा अनुभव आमच्याकडे नाही.

सीझन संपला की मुख्य इमारत बंद होते आणि विंटररूम तेवढी उरते: बंक, ब्लँकेटं, लाकडाची शेगडी, थोडी भांडी. सांभाळणारं कोणी नसतं. ऑस्ट्रिया आणि जर्मनीच्या अल्पाइन क्लबांची एक सामायिक चावी असते, ती सदस्यांना शाखेकडून अनामत भरून मिळते. मी सदस्य आहे. पण काही हटना वेगळं कुलूप असतं म्हणून बर्लिन शाखेला (हट त्यांची आहे) ईमेल केलाय. अलीकडे कोणी गेलं असेल तर ही चावी तिथे चालली का, ते सांगा. संध्याकाळी दारापर्यंत पोचून कुलूप उघडलं नाही तर अंधारात भावाला घेऊन खाली उतरायला लागेल, याची मला खरंच काळजी वाटते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. नळ गोठून फुटू नयेत म्हणून थंडीत पाणी बंद करतात. मग ओढ्यावरून आणायचं की बर्फ वितळवायचा? बर्फातून पाणी करायला सरपण खूप जातं, आणि तिथलं प्रत्येक लाकूड कोणीतरी वर पोचवलेलं असतं. आमच्यामुळे मागून येणाऱ्यांना थंडीत बसावं लागू नये. म्हणून स्वयंपाकासाठी स्वतःचा गॅस न्यावा असं वाटतंय. पण तो आत पेटवायचा तर कार्बन मोनॉक्साइडची भीती. खिडकी किती उघडी ठेवता? त्या उंचीवर पाणी ९१-९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे डाळ-तांदूळ नकोतच. पोहे, रव्याचा उपमा, सूप एवढं पुरेल ना?

हरिश्चंद्रगडाच्या गुहेत आम्ही राहिलोय, पण तिथली थंडी वेगळी. ब्लँकेटं असली तरी स्लीपिंग बॅग न्यावी का, की आतलं कापडी लायनर पुरे? भाऊ पहिल्यांदाच एवढ्या उंचीवर झोपणार. आधी एक रात्र फेंटमध्ये, १,९०० मीटरच्या आसपास, काढायचा विचार आहे. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर थांबायचं नाही, उतरायचं, हे त्याला आत्ताच सांगून ठेवलंय. डोंगरी बचावासाठी १४० हा नंबर माहीत आहे, पण खोऱ्यात फोन लागतो का?

आणि ताजा बर्फ पडला तर? वाटेवरच्या उतारांवरून हिमप्रपाताचा धोका ऑक्टोबरात असतो का, की तो विषय डिसेंबरनंतरचा? मला वाटतं, गुडघाभर बर्फ दिसला तर सरळ फेंटलाच राहावं. पण तिथे गेलेल्यांचं मत हवंय.

पैसे नंतर बँकेतून भरू, हटच्या वहीत नावं लिहू, कचरा खाली आणू, एवढं माहीत आहे. राख कुठे टाकतात?

भाऊ या आठवड्यात सामान बांधतोय, तेव्हा स्लीपिंग बॅगचं जमलं तर आधी सांगा.