घरी केलेल्या फ्रूट पायचे अनुभव

रानजाई:
काल मंडईत हिरवी आंबट सफरचंदं दिसली, ग्रॅनी स्मिथ, आणि एकदम अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली आमची घरमालकीण आजी आठवली. आम्ही तिच्या वरच्या मजल्यावर राहायचो. ऑक्टोबर लागला की बागेतून पिशव्या भरून सफरचंदं आणायची आणि ॲपल पाय करायची, म्हणजे मैद्याच्या कवचात फळ भरून भाजलेला गोड पदार्थ. प्रमाण तोंडपाठ: वजनाने तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग बर्फाचं पाणी. फ्रीजमधलं कडक लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं, वाटाण्याएवढे गोळे राहू द्यायचे. ओव्हनमध्ये ते वितळतात, वाफ धरते आणि पापुद्रे सुटतात. म्हणून पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. सफरचंदाच्या फोडींना साखर, दालचिनी, लिंबाचा रस, दोन चमचे कॉर्नफ्लोअर. वरची पोळी लावून तिला चिरा द्यायच्या. २०० अंशावर पाऊण ते एक तास, चिरांतून रस रटरटताना दिसला की झालं. पूर्ण निवल्याशिवाय ती कोणाला सुरी लावू द्यायची नाही, गरम कापला तर रस वाहून जातो. आणि सोबत चेडर चीजचा तुकडा! जेवणानंतरचं इतकं सोपं गोड मला दुसरं माहीत नाही. लिहा तुमचंही.

चकलीची_सोऱ्या:
सफरचंदासोबत चीज?? 😄

रानजाई:
अगं, तिथे कायद्यात आहे ते! १९९९ साली ॲपल पाय हा राज्याचा अधिकृत पाय ठरवला. वाढताना सोबत गार दूध, किमान अर्धा औंस चेडर नाहीतर व्हॅनिला आइस्क्रीम द्यायचा प्रामाणिक प्रयत्न करावा असं लिहिलंय. आंबटगोडाबरोबर खारट फार छान लागतं, खाऊन बघच.

गुळपोळी:
अंडं असतं का यात? सासूबाईंना चालत नाही.

रानजाई:
पिठात नाही. चकाकीसाठी वरून लावतात, तुम्ही दूध लावा. छान रंग येतो.

वाईकर_सून:
आमच्याकडे महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. जानेवारी-फेब्रुवारीत घरात पेट्याच पेट्या. तिला पाणी फार सुटतं, म्हणून साखर लावून अर्धा तास ठेवते, सुटलेला रस वेगळा आटवते. आणि कवच आधी रिकामं भाजायचं, वर बटर पेपर आणि त्यावर राजमा, म्हणजे फुगत नाही. तो राजमा नंतर शिजत नाही नीट, त्याचा डबा वेगळा. डब्यावर ‘उसळीचा नाही’ अशी चिठ्ठी आहे, नवऱ्यासाठी.

चकलीची_सोऱ्या:
चिठ्ठी 😂😂

जर्सीतली_जाई:
आमचा थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे नोव्हेंबरातल्या अमेरिकन सणाचा, मँगो पाय. इथे देशी घरांत भोपळ्याच्या पायशेजारी हा असतोच. केशर आंब्याच्या रसाचा ८५० ग्रॅमचा डबा, क्रीम चीज, ग्रॅहम क्रॅकर बिस्किटांच्या चुऱ्याचं तयार कवच. भाजायचा नाही, फ्रीजमध्ये रात्रभर सेट करायचा. बऱ्याच पाककृतींत जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून करतात. आम्ही अगर-अगर वापरतो, म्हणजे आपलं चायना ग्रास. ते पाण्यात खळखळून उकळलंच पाहिजे आणि आंब्याचा रस कोमट हवा. गार रसात ओतलं की लगेच गुठळ्या. मुलगी शाळेतून आली, बाकीचं नंतर.

गुळपोळी:
कवचाला मारी बिस्किटं चालतील?

वाईकर_सून:
धावतील. चुरा करून वितळलेलं लोणी घाला आणि वाटीच्या बुडाने घट्ट दाबून बसवा.

माळ्यावरची_पेटी:
आईकडे तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता, झाकणाला काच असलेला. त्यात ती पेरूचा पाय करायची, बिया काढून, किंचित मिरपूड घालून. आम्ही भावंडं काचेतून बघायला भांडायचो. आई जाऊन वर्ष व्हायचंय. ओव्हन माळ्यावर आहे, धीर होत नाही काढायला.

रानजाई:
मनापासून वाईट वाटलं गं. पेरूचा पाय आम्हाला सांगितलास हे फार बरं केलंस.

वाईकर_सून:
काढ खाली तो. आमचा अजून चालू आहे. कॉइल गेली असेल तर बदलून मिळते.

माळ्यावरची_पेटी:
खरंच? कुठे? आमच्या इथला माणूस म्हणतो भंगारात द्या.

वाईकर_सून:
अजिबात देऊ नकोस! जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचार, कॉइल काढून सोबत ने. वायर नवीन घाल, तीन पिनांचीच, पत्रा धातूचा आहे, अर्थिंग हवंच.

माळ्यावरची_पेटी:
रविवारी भावाला बोलावते. पेरू पिकलेले घ्यायचे का गं कडक?

वाईकर_सून:
अर्धेकच्चे. पिकलेल्याचा लगदा होतो.

चकलीची_सोऱ्या:
नाशिकमध्ये हिरवी सफरचंदं कुठे मिळतील? चीज आणलंय.