‘ड्रॉ’ला घळ म्हणावं का?

मृणाल_अ: अमेरिकेतल्या पश्चिम कॅन्ससच्या वॉलेस काउंटीतल्या एका शेतकरी कुटुंबाच्या आठवणी मराठीत आणते आहे. सोबत तिथली १:२४,००० ची टोपोशीटं, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे नकाशे आहेत. सुक्या प्रवाहांच्या नावांपुढे ‘ड्रॉ’ येतं. मी ‘घळ’ लिहिलं, तर संपादकांनी खोडलं. काय लिहू?

सह्यकडा: संपादक बरोबर आहेत. घळीला कडे हवेत. तुमच्या नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर दहा फूट उंचीला एक अशा आहेत, तरी त्या विरळच दिसत असतील आणि ड्रॉपाशी जेमतेम आत वळत असतील. ‘ओघळ’ लिहा.

माणदेशी: ओघळ फार लहान हो ताई. आमच्याकडे अशा जागेला ‘लवण’ म्हणतात. आजोबांचं एक वावर लवणात होतं. माळावरची ज्वारी सुकली तरी तिथली हिरवी असायची. पातं लवतं तशी जमीन लवते, म्हणून लवण.

विद्याधर: व्युत्पत्ती गोड आहे, पण शहरी वाचक मीठच समजेल. त्याला खारवट जमीन वाटली तर अर्थाचा अनर्थ.

माणदेशी: वाचकाला येत नाही म्हणून शब्द टाकायचा? मग शिकणार कधी?

परभणीकर: आमच्याकडे ‘वगळ’. पाऊस पडला की वाहते, एरवी गुरं त्यातूनच जातात. मला तर हे ओघळचंच रूप वाटतं.

सह्यकडा: आणि ‘टोपोशीट’ कशाला? ‘स्थलनिर्देशक नकाशा’ आहे की.

मृणाल_अ: भूगोलाच्या वर्गात आम्ही सगळे टोपोशीटच म्हणायचो. शिवाय त्या आठवणींतली आजी ड्रॉमध्ये हरवलेलं वासरू शोधते. तिथे पुस्तकी शब्द बोचेल. ‘रँच’ मात्र तसाच ठेवलाय.

विद्याधर: ‘कुरण’ का नाही?

परभणीकर: कुरण म्हणजे नुसती चराऊ जमीन. रँचमध्ये घर, गोठे, पवनचक्कीवरची विहीर, सगळं आलं. ‘सेक्शन’चं काय केलंत? एक चौरस मैल, ६४० एकर. नकाशावरच्या त्या तांबड्या चौकटी.

मृणाल_अ: ‘सेक्शन’च. गट नंबर म्हटलं तर आपली वेडीवाकडी शेतं डोळ्यांपुढे येतात. तिथे मैलामैलावर सरळ रस्ते.

सह्यकडा: तिथेच माउंट सनफ्लॉवर आहे ना? ४,०३९ फूट, कॅन्ससमधली सगळ्यात उंच जागा. पण चढ इतका मंद, की ‘शिखर’ लिहू नका. ‘टेकाड’ म्हणा.

माणदेशी: टेकाडही उठून दिसतं हो. तो माळाचा माथा झाला.

मृणाल_अ: माथा छान आहे! पण वासरू कुठे हरवलं, लवणात की वगळीत?

सह्यकडा: माथा म्हणाल तर डोंगराचा. माळाला कसला माथा?