२५ जणांच्या गटाला नांदूर मध्यमेश्वरची हिवाळी बदके नीट कशी दाखवावीत?

गोदाप्रवासी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वसाहतीतील २५ जणांचा गट जानेवारीच्या उत्तरार्धात निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यात पक्षी पाहण्यासाठी जाणार आहे. गटात शाळकरी मुले आहेत, सत्तरी ओलांडलेले काही ज्येष्ठ आहेत, दुर्बिणी मात्र सहाच आहेत. एवढा जमाव एकदम काठावर उतरला की थवे उठतात आणि मग दिवसभर लांबवरचे काळे ठिपके तेवढे पाहावे लागतात, असे अनेकांकडून ऐकले आहे. दुसरी अडचण ओळखीची आहे. नर बदके चित्रांवरून ओळखता येतात, माद्या मात्र सगळ्या सारख्याच मातकट दिसतात. एवढ्या मोठ्या गटाने तेथे नेमके कसे पाहावे, नवख्यांना ओळख कोठून सुरू करून द्यावी, आणि त्यापेक्षा भिगवणला जाऊन नावेतून पाहणे सोयीचे ठरेल काय, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निफाडचा शेजारी

काळ योग्य निवडला आहे. थंडीची तयारी मात्र ठेवावी, कारण निफाडचा पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि अशा पहाटे पाण्यावर धुके धरते. सूर्योदयापूर्वी पोहोचण्याचा अट्टहास ज्येष्ठांसाठी तरी करू नये. धुके विरळ होईपर्यंत कुडकुडत उभे राहण्यापलीकडे हाती फारसे काही लागत नाही.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेल्यामुळे पाणी उथळ झाले, पाणवनस्पती माजल्या आणि बदकांना हवे तसे खाद्य तयार झाले. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून या जागेची घोषणा झाली, तीही याच पाणथळीमुळे. परंतु हे पाणी शेवटी सिंचनाचे आहे. आवर्तनानुसार पातळी खाली-वर होते आणि थवे उथळ जागा पाहून सरकत राहतात. त्यामुळे मागील आठवड्यातील कोणाच्या तरी छायाचित्रांवर विसंबून जागा ठरवू नये; आदल्या दिवशी स्थानिक गाइडला दूरध्वनी करून बदके कोणत्या बाजूस आहेत ते विचारावे.

गटाचे दोन भाग करावेत. एक भाग चापडगावच्या बाजूच्या निरीक्षण मनोऱ्यावर बसेल, दुसरा तोवर मागे राहून काठावरचे शेकाटे, शराटी आणि जांभळ्या पाणकोंबड्या पाहील, आणि तासाभराने अदलाबदल होईल. मनोऱ्यावर एकदा बसल्यावर उठबस नको. बदकांना माणूस दिसण्यापेक्षा माणसांची सततची हालचाल अधिक खुपते, आणि पाऊण तास शांत बसलेल्या गटासमोर पांगलेला थवाही बहुधा पुन्हा जवळ सरकतो. काठावर असताना एक खूण मुलांना आवर्जून शिकवावी: पाठीत चोच खुपसून झोपलेली बदके माना उंच करू लागली आणि सगळा थवा एकाच दिशेने हळूहळू पोहत दूर निघाला, तर आपण नको तितके जवळ आलो आहोत. तेथेच थांबावे, शक्य तर चार पावले मागे यावे. उडण्याआधीची ही सूचना बहुतेक सहलींत कोणाच्या लक्षातच येत नाही.

पाणथळ नोंदवही

वरील मताशी मी सहमत आहे, म्हणून केवळ ओळखीविषयी लिहितो. माझे स्पष्ट मत आहे की नवख्यांना रंगांपासून सुरुवात करून देणे हीच मूळ चूक असते. सकाळच्या तिरप्या उन्हात, दीडशे-दोनशे मीटरवर रंग फसवे असतात. आकार आणि वागणूक तशी फसवत नाही.

पहिला प्रश्न हा विचारावा की बदक बुडी मारते की शेपूट वर करून डोके तेवढे पाण्यात घालते. लालसरी बुडी मारून तळाचे खाते. तिचे पाय शरीराच्या मागच्या भागात असल्यामुळे उडताना तिला पाण्यावरून काही अंतर धावत जावे लागते. तलवार बदक, चक्रांग, गढवाल ही मंडळी उथळ पाण्यात उलटी होऊन खातात आणि उठताना जागेवरून सरळ वर झेपावतात. एवढ्या एका प्रश्नावर समोरचा गोंधळ निम्मा होतो. त्यानंतर चोच पाहावी. थापट्याची चोच टोकाशी फावड्यासारखी रुंद असते, ती नराची आणि मादीची सारखीच, त्यामुळे थापट्याच्या मादीबद्दल शंका राहण्याचे कारणच नाही. हे बदक मान पाण्यालगत ठेवून, चोच पाण्यात धरून पोहत असते. अनेकदा पाच-सात जण एकमेकांच्या मागे गोल गोल फिरताना दिसतात, कारण पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेले सूक्ष्म खाद्य मागचा गाळून घेतो. मुलांना हे दृश्य फार आवडते.

माद्यांसाठी दोन-तीन खुणा पुरेशा आहेत. तलवार बदकाच्या मादीला नरासारखी लांब शेपटी नसते, पण लांब बारीक मान आणि निमुळते शेपूट असतेच. गढवालाच्या मादीच्या पंखावर पांढरा चौकोनी ठिपका असतो. पोहताना तो कधी झाकला जातो, पण तिने पंख फडफडवले की स्पष्ट दिसतो. चक्रांगाची मादी आकाराने सर्वांत लहान. भुवई बदकाची मादी तिच्याइतकीच लहान, परंतु चेहऱ्यावर आडव्या गडद-फिकट पट्ट्या अधिक ठळक. आकाराचा अंदाज येण्यासाठी आपल्याकडे बारमाही राहणाऱ्या हळदी-कुंकू बदकाला मोजपट्टी करावे: ते मोठे असते, चोचीचे टोक पिवळे आणि चोचीच्या मुळाशी तांबडे ठिपके असतात.

आणखी एक गोष्ट गटाला आधीच सांगून ठेवावी. विणीनंतर नर बदके आपली भडक पिसे टाकून मादीसारखी दिसू लागतात आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे उतरतात तेव्हा बरीचशी याच वेषात असतात. जानेवारीपर्यंत बहुतेकांचे रंग पुरते खुलतात. भुवई बदकाचे नर मात्र त्याही वेळी मागे असतात. दिवसा बरीच बदके निवांत झोपलेली दिसतील. त्यांतील अनेक जाती रात्री चरतात, तेव्हा त्यांना “उठवण्यासाठी” टाळ्या वाजवणाऱ्यांना वेळीच आवरावे.

भीमाकाठ

भिगवणविषयी थोडे वेगळे लिहितो. तेथील अनुभव उणा आहे असे मुळीच नाही, पण हेतू पाहून ठरवावे. रोहित पक्षी पाहायचे असतील तर भिगवणलाच जावे, आणि तेही उजनीचे पाणी उतरून चिखलाचे पट्टे उघडे पडल्यावर, म्हणजे जानेवारीच्या अखेरीपासून पुढे. धरण भरलेले असताना रोहित काठावर थोडेच दिसतात आणि मग लोक निराश होतात. पट्टकादंबही तेथे चांगले दिसतात.

नावेमुळे पक्ष्यांना त्रास होतोच असे मात्र मी मानणार नाही. जुने नावाडी मूळचे मासेमारी करणारे आहेत, थव्याला बगल देऊन वल्हे कसे थांबवावे हे ते आपल्यापेक्षा अधिक जाणतात. “अजून थोडे जवळ घ्या” हा आग्रह नावेत बसलेल्यांचाच असतो. तरीही २५ जणांना चार-पाच नावा लागतील, प्रत्येक नावेत जाणकार असणार नाही, आणि हलत्या नावेत टेलिस्कोपचा उपयोग शून्य. शिकणे हा हेतू असेल तर नांदूर मध्यमेश्वरच योग्य.

दुर्बिणींबद्दल सुचवतो. १० पटींच्या दुर्बिणी मुलांच्या हातात थरथरतात; ८ × ४२ ची दुर्बीण त्यांना द्यावी. तिपाईवरचा एक टेलिस्कोप गाइडकडून मिळाला तर तो एकाच बदकावर रोखून ठेवावा आणि सर्वांनी रांगेने येऊन तेवढेच पाहावे. प्रत्येकाने तो फिरवला तर कोणालाच काही दिसत नाही.

गोदाप्रवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता नांदूर मध्यमेश्वरच निश्चित केले आहे. एक शेवटची विचारणा: मुलांकडून बदकांची मोजणी करून घेणे शक्य आहे काय, की नुसते पाहू द्यावे?

पाणथळ नोंदवही

अवश्य करून घ्यावी. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिच्यात भाग घेणारे अनेक जण हौशीच असतात. मुलांना पद्धत अशी सांगावी: थव्यातील दहा बदके नीट मोजून ती किती जागा व्यापतात हे डोळ्यांत साठवावे, मग तेवढ्या जागेचे तुकडे संपूर्ण थव्यावर डावीकडून उजवीकडे मांडत जावे. दोन मुलांनी स्वतंत्रपणे मोजावे आणि आकडे एकमेकांना न सांगता वहीत लिहावेत. वारकरी या पाणपक्ष्यांपासून सुरुवात करावी; काळे अंग आणि पांढरी चोच असल्याने ते चुकत नाहीत, शिवाय दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी डोक्यावर घिरट्या घालू लागला की सगळे दाटीने एकत्र येतात, तेव्हा मोजणी त्याआधीच उरकलेली बरी. जातीची खात्री नसलेल्या पक्ष्यांसाठी वहीत “अनोळखी बदक” असा वेगळा रकाना ठेवावा आणि तो भरायला मुलांना संकोच वाटू देऊ नये.