व्हॅनचं भाडं परत वाढलं (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी)

सावंत वहिनी, ए-102: शाळेच्या व्हॅनवाल्याने परत मुलामागे महिना 200 वाढवलेन, विचारलं तर म्हणतो डिझेल. मार्च 2024 ला 2 रुपये उतरले तेव्हा रुपया तरी कमी केलान का?

पाटणकर काका: पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणा. एकच उपाय.

नेहा, बी-301: काका, राज्यं इंधनावरचा आपला व्हॅट सोडतील?

पाटणकर काका: पेट्रोलचा रेट सरकारने 2010 ला मोकळा केला, डिझेलचा 2014 ला, आणि 2017 पासून रोज सकाळी 6 ला रेट बदलणार होता ना? मग यूपीच्या इलेक्शनला नोव्हेंबर 2021 ते मार्च 2022 हलला का नाही? नंतर पंधरा-सोळा दिवसांत 10 रुपये चढवले!!

मयेकर, सी-3: काका तुमचा नाही हलला, आमचा हलला. बल्क डिझेल, म्हणजे ठोक घेणाऱ्यांचं, त्याच मार्चमध्ये लिटरला एकदम 25 ने वाढलं आणि आमच्या मच्छीमार सोसायट्या तेव्हा बल्कमध्ये धरल्या. मिरकरवाड्यात जेटीवर महाग, गावातल्या पंपावर स्वस्त, म्हणून खलाशी कॅन घेऊन पंपावर लायनीत उभे, बर्फ वितळतोय, बोट जेटीला. रेट दाबून ठेवला की कोणाच्या तरी गळ्यात पडतोच.

कुलकर्णी, ए-4: मयेकर, तुमचा टेम्पो परत गेटसमोर. आधी तो हलवा.

मयेकर, सी-3: हलवतो. पापलेट उतरवून घेताना गेट आठवत नाही तुम्हाला.

नेहा: 😂😂

कुलकर्णी: पैसे देऊन घेतो, फुकट नाही.

पाटणकर काका: जीएसटीत आणा. एकच उपाय.

नेहा: जीएसटीचं नंतर बघू. एप्रिल 2025 ला केंद्राने एक्साईज 2 रुपये वाढवली आणि पंपावर रेट तोच, कारण कच्चं तेल उतरलं होतं. ती उतरण आपल्यापर्यंत आलीच नाही. चढली की मात्र भाजी, मासळी, साळवी स्टॉपची शेअर रिक्षा सगळं चढतं आणि नंतर कोणी खाली आणत नाही.

सावंत वहिनी: तेच म्हणत्ये मी कधीची. दोन मुलांचे 400 कुठून काढू?

सेक्रेटरी: कृपया ग्रुप सूचनांसाठी ठेवावा ही नम्र विनंती. जनरेटरच्या डिझेलमुळे मेंटेनन्स वाढवण्याचा विषय रविवारी मीटिंगला आहे.

कुलकर्णी: लिफ्टसाठी जनरेटर, तळमजल्याने का भरायचं?

मयेकर, सी-3: पाण्याचा पंप पण त्याच्यावरच चालतो साहेब.

सावंत वहिनी: सेक्रेटरी साहेब, डिझेलची बिलं घेऊन या मीटिंगला. रेट वाढलाय की जाळलंय जास्त ते बघू दे आम्हाला. व्हॅनवाल्याला पण बोलावत्ये, व्हॅनने मुलं पाठवणाऱ्या पाचही घरांनी या.

पाटणकर काका: येतो. जीएसटीचा विषय पण घ्या.