पूरग्रस्तांसाठीचे आवाहन आमच्या संगणक-पत्रकात कसे छापावे?

पत्रकवाला, पुणे

नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात संगणक आणि स्मार्टफोन वापरायला शिकणाऱ्यांचा एक गट आहे आणि त्या गटासाठी मी दरमहा चार पानांचे पत्रक काढतो. ऑक्टोबरच्या अंकासाठी दोन बातम्या आधीच ठरलेल्या होत्या. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबत आहेत ही एक, आणि रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार सर्व बँकांची संकेतस्थळे ३१ ऑक्टोबरपर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जाणार आहेत ही दुसरी. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सीना नदीच्या महापुराने सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांत केलेली दैना पाहिल्यावर मात्र पहिले पान मदतीच्या आवाहनाला द्यावे, असे सर्वांचे मत पडले.

आता प्रश्न असा की, त्या पानावर नेमके काय छापावे. गेल्या आठ दिवसांत सभासदांनी मला अकरा क्यूआर कोड पाठवले आहेत. त्यांतील दोहोंवर ‘मुख्यमंत्री सहायता निधी’ असे लिहिलेले आहे, पण दोन्ही कोड एकसारखे दिसत नाहीत. एकावर चिखलात उभ्या असलेल्या लहान मुलीचे छायाचित्र आहे आणि ते पाहून आमच्या एका भगिनींनी लगेच एक हजार रुपये पाठवूनही टाकले. ते कोठे गेले, हे त्यांना सांगता येत नाही. आमच्या पत्रकात छापून आलेली गोष्ट सभासद डोळे झाकून खरी मानतात, म्हणून मला अधिक भीती वाटते.

दुसरी गोष्ट संगणकांची. विंडोज ११ ज्यांवर चालत नाही असे सात-आठ जुने संगणक सभासदांकडे आहेत आणि ते पूरग्रस्त शाळांना द्यावेत, अशी सूचना आली आहे. ती योग्य आहे का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त शाखाधिकारी, सातारा

क्यूआर कोड छापू नका, एवढे उत्तर खरे तर पुरेसे आहे. पण आपण कारण विचारणाऱ्यांचे पत्रक काढता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

खाते क्रमांक किंवा यूपीआय पत्ता निदान डोळ्यांनी वाचता तरी येतो. क्यूआर कोड माणसाला वाचता येत नाही, आणि म्हणून त्यात केलेला बदलही दिसत नाही. २०२० च्या मार्चमध्ये पीएम केअर्स निधी जाहीर झाला, तेव्हा काही तासांतच खऱ्या यूपीआय पत्त्यातील ‘केअर्स’चा शेवटचा ‘एस’ तेवढा गाळून दुसरा पत्ता तयार करण्यात आला होता आणि दिल्ली पोलिसांना त्याची दखल घ्यावी लागली. अक्षरांतील फसवणूक निदान कोणाच्या तरी नजरेस पडली; ठिपक्यांतील पडली नसती. २०२४ मध्ये वायनाडच्या भूस्खलनानंतर तर केरळ सरकारने गैरवापराच्या शक्यतेमुळे आपल्याच मदतनिधीचा क्यूआर कोड जाहीर प्रदर्शनातून काढून घेतला. सरकार स्वतः जे करायला धजावत नाही, ते आपल्या चार पानी पत्रकाने करू नये.

त्याऐवजी वाट छापावी. वाचकाने कोणत्याही संदेशातील दुव्यावर बोट न ठेवता, ब्राउझरमध्ये मुख्यमंत्री सहायता निधीचा पत्ता स्वतःच्या हाताने टाइप करावा, तो ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो आहे ना हे पाहावे, आणि तेथे दिलेल्या मार्गानेच पैसे भरावेत. ‘गव्ह डॉट इन’ हे शब्द पत्त्याच्या मध्ये कोठेतरी असून चालत नाहीत. ‘https://’ सोडून येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेषेच्या आधी, अगदी शेवटी ते असावे लागतात. हा एक मुद्दा चित्र काढून समजावलात, तर अर्धे पान सार्थकी लागेल.

आणखी एक सोय झाली आहे. ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपमध्ये पैसे पाठवण्यापूर्वी घेणाऱ्याचे बँकेच्या दप्तरी असलेले नावच दाखवावे लागते. त्याने स्वतःला दिलेले भारदस्त नाव चालत नाही. निधीचा कोड म्हणून स्कॅन केला आणि पडद्यावर एखाद्या व्यक्तीचे नाव आले, तर तेथेच थांबावे. त्या भगिनींनी ॲपमधील व्यवहाराचा तपशील उघडून हे नाव आजच पाहावे. नाव संशयास्पद असेल तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळती होण्याआधी गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते. हजार रुपयांसाठी कशाला, असा विचार त्यांनी करू नये.

प्राप्तिकराचेही लिहा, कारण ज्येष्ठांचा पहिला प्रश्न तोच असतो. मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेल्या देणगीवर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या ८०जी कलमाखाली शंभर टक्के वजावट मिळते, बहुतेक नोंदणीकृत संस्थांच्या बाबतीत ती पन्नास टक्के असते, आणि दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिल्यास काहीच मिळत नाही. संस्थेकडून १०बीई हे प्रमाणपत्र मागून घ्यावे. ज्यांनी नवी करप्रणाली स्वीकारली आहे, त्यांना मात्र ही वजावट मुळातच नाही. ते सहसा पावती फाइलला लावून झाल्यावर हे विचारतात.

शेवटी एक शंका. आपल्या गटातील कोणी ‘माझ्या खात्यात टाका, मी एकत्र पाठवतो’ असे सुरू तर केलेले नाही ना? गणेश मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयातून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१क या कलमाखाली परवानगी काढतात, ती उगाच नव्हे. लोकांकडून वर्गणी गोळा करायला कायद्याची चौकट आहे आणि हेतू शुद्ध असला तरी वैयक्तिक खाते तिच्यात बसत नाही.

सीनाकाठचा, माढा तालुका

मी प्राथमिक शिक्षक आहे. पाणी ओसरून दोन आठवडे झाले. वरच्या उत्तरातील प्रत्येक शब्द बरोबर आहे, परंतु ते सर्व देणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले आहे, म्हणून घेणाऱ्याची बाजू मांडतो.

पहिल्या आठवड्यात रस्त्यालगतच्या गावांत मदतसाहित्याचे इतके संच (कीट) आले की, एकेका घरी तीन-तीन पोहोचले. आतल्या वस्त्यांवर ट्रॅक्टरशिवाय जाता येत नव्हते, त्यामुळे तेथे एकही गेले नाही. कपड्यांचे सांगायलाच नको. २००४ च्या सुनामीनंतर नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले होते, असे आम्ही वाचले होते; आमच्या शाळेच्या व्हरांड्यात त्याची लहानशी आवृत्ती सध्या आहे. त्यात एक शेरवानीही निघाली. ज्याची म्हैस दावणीला बांधलेल्या जागीच बुडाली, त्याने ती कोठे घालायची?

आता लागते ते वेगळे. वाचलेल्या जनावरांना मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) आणि कडबा हवा, गाळाने बुजलेल्या विहिरी उपसायला पैसे हवेत, मोटार आणि स्टार्टर दुरुस्त करून हवेत. काठावरच्या रानांतून काळी माती खरवडून गेली आहे आणि खाली नुसता मुरूम उरला आहे. ती जमीन पुन्हा पिकाखाली यायला कित्येक वर्षे जातील. यातले काहीच पार्सलने येत नाही. म्हणून पैसेच द्या, आणि सगळे आज देऊ नका. निम्मे जानेवारीसाठी ठेवा, कारण तोवर बातम्या थांबलेल्या असतील आणि रब्बीचा खर्च उभा असेल.

आता तुमच्या गटाच्या खऱ्या कामाचे. फसवणूक केवळ पुण्यात होते असे समजू नका. ‘नुकसानभरपाईच्या यादीत नाव पाहण्यासाठी ही फाइल उघडा’ असे सांगून गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत एपीके फाइल, म्हणजे मोबाइलवर ॲप बसवणारी फाइल, फिरते आहे. ती मोबाइलवर बसली की येणारे ओटीपी तिसऱ्याच माणसाला दिसू लागतात. पीएम किसानच्या नावाने हाच प्रकार आधीपासून चालू होता, आता पुराच्या नावाने चालू झाला आहे. ज्याचा पंचनामा झालेला आहे आणि जो रोज खाते तपासतो आहे, तो माणूस अशी फाइल उघडणारच. तुम्ही पत्रकात एक चौकट अशी छापा की, जी आम्हाला फोटो काढून गावातील गटांत टाकता येईल : सरकारी मदत मिळण्यासाठी कोणतीही फाइल मोबाइलवर बसवावी लागत नाही, आणि पैसे येण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. मोठ्या अक्षरांत, दोन वाक्यांत. त्याची किंमत तुमच्या सात संगणकांपेक्षा मला जास्त वाटते.

संगणकांबाबत : आमची संगणक खोली अजून ओली आहे आणि वीजजोडणीची तपासणी झालेली नाही. आत्ता पाठवू नका.

पेंग्विनमित्र, नाशिक

शिक्षक महोदयांच्या मताचा मान राखून संगणकांविषयी लिहितो, कारण दिवाळीनंतर हा प्रश्न पुन्हा येणारच आहे.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो, म्हणून आपले संगणक बाद ठरले. ते बिघडलेले नाहीत. विंडोजऐवजी लिनक्स मिंटसारखी प्रणाली त्यांवर व्यवस्थित चालते, मराठी इनस्क्रिप्ट कळफलक तीत अंगभूत असतो आणि ती मोफत आहे. मात्र तीन अटी पाळा. ज्या संगणकात चार जीबीपेक्षा कमी रॅम आहे, तो देऊ नका. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी लहानशी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) बसवून द्या, कारण वेगातील खरा फरक तिनेच पडतो. आणि देण्यापूर्वी जुनी डिस्क केवळ फॉरमॅट करून समाधान मानू नका. फॉरमॅट केल्यावरही आधार कार्डाच्या प्रती आणि बँकेची विवरणे परत मिळवता येतात. संपूर्ण डिस्कवर नव्याने लिहून ती पुसावी लागते. ज्यांना हे जमत नसेल, त्यांनी डिस्क काढून स्वतःकडेच ठेवावी. शाळेला नेमके काय हवे, हे शिक्षकांना विचारल्याशिवाय एकही खोके गाडीत चढू नये, हे वेगळे सांगायला नको.

शाळेतील पाण्यात बुडालेले संगणक ‘चालू होतात का ते पाहू’ म्हणून कोणी सुरू करू नयेत, एवढा निरोप तेथे जरूर पोहोचवा. आत गाळ असताना वीज दिली, तर वाचू शकला असता तो भागही जळतो.

थोडे विषयांतर करतो. २००४ च्या सुनामीनंतर श्रीलंकेतील संगणक-तंत्रज्ञांनी बेपत्ता माणसे, छावण्या आणि मदतसाहित्य यांची नोंद ठेवणारी ‘सहाना’ ही मुक्त प्रणाली लिहिली, जी पुढे इतर देशांतही वापरली गेली. २०१५ मध्ये नेपाळच्या भूकंपानंतर जगभरातील हजारो स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रे पाहून ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावर रस्ते आणि घरे रेखाटली. सीनाकाठच्या ज्या वस्त्यांवर कीट पोहोचले नाहीत, त्यांतील किती नकाशावर आहेत, हे पाहण्यासारखे आहे. माऊस धरता येणाऱ्या कोणत्याही आजोबांना हे काम दोन दुपारी शिकवता येते.

परदेशस्थ, न्यू जर्सी

पत्रक सभासदांच्या मुलांकडेही जात असेल, म्हणून एक भर घालतो. ज्यांच्याकडे अजून भारतीय पारपत्र आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. ज्यांनी अमेरिकी नागरिकत्व घेतले आहे, ते ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असले तरी कायद्याच्या दृष्टीने परकीय आहेत आणि त्यांची देणगी केवळ एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच, तीही दिल्लीत संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील तिच्या खात्यातच जावी लागते. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला अशी परवानगी २०२५ मध्ये मिळाली आहे. आईच्या खात्यात पैसे पाठवून तिच्या नावाने देणगी देणे सोपे वाटते, पण ती पळवाट सुचवू नका.

‘निम्मे जानेवारीसाठी ठेवा’ हे वाचून हैती आठवले. २०१० च्या भूकंपानंतर येथे फोनवरून एक शब्द पाठवला की दहा डॉलर बिलात लागत, आणि अमेरिकन रेड क्रॉसकडे त्या मार्गाने तीन कोटींहून अधिक डॉलर जमले. मीही दोनदा शब्द पाठवला होता. पुढे पाच वर्षांनी त्या एकूण निधीच्या खर्चाबद्दल वृत्तसंस्थांनी कठोर प्रश्न विचारले आणि संस्थेने ते आक्षेप नाकारले, तेव्हा माझ्या लक्षात आले की, मधल्या काळात मी स्वतः एकदाही विचारणा केलेली नव्हती.

पत्रकवाला, पुणे

सर्वांचे आभार. भगिनींच्या ॲपमधील तपशील पाहिला. तेथे एका अनोळखी व्यक्तीचे नाव होते. १९३० वर तक्रार नोंदवली आहे आणि तक्रार क्रमांक मिळाला आहे.

पहिल्या पानावर आता एकही क्यूआर कोड नाही. वरच्या भागात पत्ता कसा वाचावा याचे चित्र, खाली सरांनी सांगितलेली दोन वाक्यांची चौकट, आणि तिच्याखाली जानेवारीच्या अंकात पुन्हा आवाहन येईल अशी सूचना आहे. चौकटीचे चित्र शुक्रवारपर्यंत येथे टाकतो. सरांनी ते वाचून, गावात न कळणारा एखादा शब्द असल्यास कळवावे. संगणकांसाठी आमच्याकडे कपाट आहे, तोवर ते तेथे राहतील.

शाखाधिकारी साहेबांची शंका खरी निघाली. आमच्या खजिनदारांनी स्वतःच्या खात्यात सव्वीस जणांचे पैसे घेतले होते. काल सायंकाळी बसून आम्ही ते एकेकाला परत पाठवले आणि प्रत्येकाला शेजारी बसवून निधीच्या संकेतस्थळावर स्वतःच्या हाताने भरायला लावले. रात्रीचे साडेनऊ वाजले. तिघांना पासवर्ड आठवले नाहीत. ते सोमवारी येणार आहेत.